पंधरा मिनिटांचा डेस्कटॉप

मिस्टर टिंडल यांचा सल्ला मी पहिल्याच दिवशी ऐकला असता तर ही हकीकत चार ओळींत संपली असती आणि माझी अब्रूही शाबूत राहिली असती. पण मिस्टर टिंडल म्हणजे आमचे शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर लोकांच्या घरची वॉशिंग मशीन दुरुस्त करून निवृत्त झालेले. आणि मी ब्रॅकनेलमधल्या एका कंपनीत सीनियर टेस्ट अ‍ॅनालिस्ट. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना सभ्य इंग्रजीत कळवायच्या, यावर माझं घर चालतं. अशा माणसाला वॉशिंग मशीनवाल्यानं कॉम्प्युटरबद्दल सांगावं? तेही कुंपणापलीकडून, झुडपं कापता कापता?

"इट्स ऑलवेज द फ्लफ, गिरीश," ते म्हणाले होते. "यंत्र बंद पडलं की आधी उघडून बघायचं. आत कचरा असतो. नेहमी असतो."

मी हसलो. इंग्लंडमध्ये आठ वर्षं काढल्यावर माणसाला एक हसू जमतं, त्यात आभारही असतात आणि नकारही. ते मी हसलो आणि आत आलो.

तर झालं होतं असं. दोन हजार सातचा ऑक्टोबर. माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ती यायलाच तयार नव्हती. "भाऊबीजेला मी इथेच पाहिजे," हे तिचं म्हणणं. आईचा एकुलता एक भाऊ म्हणजे आमचा शशिकांतमामा, वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडल्यापासून घरातच. आईनं त्याला साठ वर्षांत एकदाही ओवाळायचं चुकवलेलं नव्हतं. फोनवरून करावं तर मामाला फोनवरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तो आपला "हां, हां, पाऊस आहे" म्हणतो आणि ठेवून देतो. तेव्हा मीच छाती पुढे काढून सांगितलं, "आई, तू ये. आपण कॅमेऱ्यावरून ओवाळू. तो तुला दिसेल, तू त्याला दिसशील. मी कॉम्प्युटरमधला माणूस आहे, हे माझ्यावर सोड." या शब्दावर ती विमानात बसली.

मामेभाऊ राजीवनं सांगलीत ब्रॉडबँड घेतलं, कॅमेरा घेतला. आता राहिलं होतं ते फक्त माझं टोक.

माझ्या टोकाला विंडोजऐवजी लिनक्स होतं. इंजिनिअरिंगपासूनचा माझा मित्र परीक्षित केंब्रिजला संशोधन करतो, त्याच्याकडे लिनक्स, म्हणून माझ्याकडेही लिनक्स. फुकट असून अभिमानानं सांगता येईल अशा गोष्टी मध्यमवर्गीयाच्या आयुष्यात फार नसतात. शिवाय ऑफिसात कुणी आपल्या विंडोजची रड सांगायला लागलं की मी नुसतं "अच्छा, तुम्ही अजून ते वापरता?" एवढंच विचारायचो. त्या दिवसांतलं ते माझं मोठं सुख होतं.

दसरा रविवारी होता. सकाळी नऊ वाजता मी लिनक्सची नवी आवृत्ती घातली. तीनच दिवसांपूर्वी आलेली, ताजी. दहा वाजता आईनं विचारलं, "तुझी हत्यारं कुठली रे? पूजेला मांडायची आहेत." आमचे बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. दसऱ्याला त्यांची मोजायची टेप आणि ओळंबा पाटावर असायचा, आणि मी लहानपणी त्या टेपेला भक्तिभावानं नमस्कार करायचो. तेव्हा मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. माझी बायको सुप्रभा इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे, तिनं स्टेथोस्कोप आणून ठेवला. आमचा कॉम्प्युटर आडव्या, चपट्या पेटीचा, वरच्या झाकणाला हवेसाठी भोकं पाडलेली. हळदकुंकू वाहिलं, लंडनमधल्या एजवेअरहून आणलेले दोन झेंडू ठेवले, कुंकवात माखलेल्या अक्षता मी स्वतः, माझ्या या हातानं, मूठभरून वाहिल्या. फोटोही काढला. त्या फोटोत मी फार समाधानी दिसतो.

त्याच संध्याकाळी राजीवबरोबर चाचणीचा कॉल लावला. राजीव दिसला, त्याच्या मागचं कॅलेंडर दिसलं, आई "अगंबाई, हा किती वाळलाय" म्हणाली, आणि पंधराव्या मिनिटाला राजीवचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग पडद्यावर हिरव्या-गुलाबी पट्ट्या आल्या. मग सगळं काळं, आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द.

"काय म्हणतोय तो?" आईनं विचारलं.

"लॉगिन म्हणतोय."

"मग कर ना."

मी केलं. काळ्या पडद्यावर सगळं व्यवस्थित चालत होतं. आज्ञा द्यावी, ती पाळावी. फक्त चित्रं, खिडक्या, माउस असा जो दिसायला बरा डेस्कटॉप असतो तो सुरू केला की काही वेळानं धाडकन कोसळायचा. परीक्षितला फोन लावला.

"टेक्स्ट मोड चालतोय ना? मग हार्डवेअर ओके आहे," परीक्षित म्हणाला. "ग्राफिक्सचा ड्रायव्हर असणार. न्यू व्हर्जनमध्ये लोकांना प्रॉब्लेम्स येतायत. तू एक फाइल एडिट कर."

हे मला अतिशय पटलं. पटण्याचं कारण असं की सकाळी नऊला मी नवी आवृत्ती घातली आणि संध्याकाळी यंत्र कोसळलं. मधे दहा वाजता आणखी काय घडलं होतं, ते माझ्या डोक्यातही आलं नाही. पूजा ही काही बदलांच्या यादीत लिहायची गोष्ट आहे का?

तासभर त्या फाइलशी झटापट केली आणि डेस्कटॉप सुरू झाला. छान चालला. मी आईला हाक मारली. ती देव्हाऱ्याकडे गेली, अक्षतांची कुयरी घेऊन आली आणि चार दाणे पेटीवर वाहून म्हणाली, "आता नीट चालू दे रे बाबा." पंधरा मिनिटांनी तो पुन्हा कोसळला.

पुढचे तीन आठवडे हेच. ऑफिसातून यायचं, जेवणाआधी एक उपाय करायचा. ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरची चित्रं चालवणारा प्रोग्रॅम, तो बदलला, जुना घातला, त्याहून जुना घातला. खिडक्या थरथरत उघडण्याची जी शोभेची सोय असते ती बंद केली. पडद्याचं रिझोल्यूशन इतकं कमी केलं की आईला चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं. आणि प्रत्येक उपाय लागू पडायचा! याचं कारण आता कळतं. मी फाइल एडिट करत बसायचो तेवढ्या तासाभरात आतलं सगळं थंड होत होतं. पण तेव्हा मला प्रत्येक वेळी वाटायचं, जिंकलो. मी "झालं!" म्हणून ओरडायचो, आई कुयरी घेऊन यायची, कृतज्ञतेनं चार दाणे वाहायची, आणि आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसायचो.

इंटरनेटवर लिनक्सवाल्या मंडळींच्या एका फोरमवर मी प्रश्न टाकला. फिनलंडमधल्या एकानं लिहिलं, माझ्याकडे तर चालतं. दुसऱ्यानं नऊशे ओळींचा लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, मागवला आणि तो दिल्यावर कायमचा गप्प झाला. तिसऱ्यानं मला मॅन्युअल वाचायला सांगितलं. मी रोज ऑफिसात लोकांना अगदी याच तीन गोष्टी कळवत असतो, पण त्या अशा लागतात हे मला माहीत नव्हतं.

सुप्रभानं एकदा जेवताना विचारलं, "हिस्टरी घेतलीस का पेशंटची? कधीपासून होतंय?"

"दसऱ्यापासून."

"त्या दिवशी नवीन काय झालं?"

"अपग्रेड."

"आणखी?"

"आणखी काही नाही," मी म्हणालो. आई त्या वेळी मला आमटी वाढत होती. तिलाही आणखी काही आठवलं नाही.

आईचं निदान वेगळंच होतं. तिनं एकदा पेटीवर पालथा हात ठेवला आणि म्हणाली, "गिरीश, ह्याला ताप आहे."

"आई, कॉम्प्युटर गरमच असतो."

"असेल. पण हा तापलाय. पंधरा मिनिटं काम केलं की दमतो बिचारा. माणसाचं असंच होतं." मी सुप्रभाकडे बघून हसलो. सुप्रभा हसली नाही. ती म्हणाली, "टेंपरेचर घेतलंस का?" डॉक्टरशी लग्न केलेल्या माणसाला हे असं जन्मभर ऐकावं लागतं.

शेवटी कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. कंपनीचं नाव सांगत नाही. आमचे संबंध अजून पूर्ण तुटलेले नाहीत. चाळीस मिनिटं सनईसारखं काहीतरी ऐकल्यावर एक बाई आल्या आणि म्हणाल्या, आम्ही लिनक्सला सपोर्ट करत नाही, मूळ सिस्टिम घालून परत फोन करा. शनिवारभर बसून मी मूळ विंडोज घातलं. माझ्या आयुष्यातला तो फार अपमानाचा शनिवार. विंडोजही पंधराव्या मिनिटाला कोसळलं. आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की दोन वेगवेगळ्या सिस्टिम कोसळतात, त्या अर्थी दोष दोन्हींच्या खाली आहे. मला फक्त एवढंच वाटलं की चला, विंडोजही कोसळलं. इतका आनंद झाला की मी लगेच लिनक्स परत घातलं.

हेल्पलाइनच्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, आम्ही यंत्र घेऊन जाऊ, दहा वर्किंग डेजमध्ये परत देऊ. भाऊबीजेला उरले होते सहा दिवस. मग मी स्वतः उघडून बघू का? बघा की सर, पण झाकणाच्या सांध्यावर चंदेरी स्टिकर आहे, तो फाटला तर वॉरंटी संपली.

वॉरंटी नोव्हेंबरअखेर संपणारच होती. पण तीन वर्षं जपलेला स्टिकर फाडायचा? आमच्या घरात सोफ्याचं प्लास्टिक दोन वर्षं काढलेलं नव्हतं. टिंडल कुंपणावरून रोज विचारायचे, "उघडलंस का?" मी म्हणायचो, "वॉरंटी, मिस्टर टिंडल." ते मान हलवायचे. "वॉरंटी आहे म्हणतोस, आणि चालत नाही म्हणतोस," एवढंच म्हणून ते झुडपांकडे वळायचे.

शुक्रवारी लक्ष्मीपूजन. आईनं माझ्या नकळत पेटीची पुन्हा पूजा केली, आणि या वेळी हात जरा सैल सोडला. पंधरा मिनिटांची झाली नऊ. पाडव्याला सहा.

भाऊबीज रविवारची. दहाला, म्हणजे सांगलीच्या साडेतीनला कॉल ठरलेला. आई सातपासून तयार होती. माहेरची मोरपंखी पैठणी, नथ, तबकात निरांजन, सुपारी, कुयरी, करंज्या. मी सव्वानऊला डेस्कटॉप सुरू केला. दोन मिनिटांत पट्ट्या. पुन्हा केला, एका मिनिटात काळा. तिसऱ्यांदा तर तो आलाच नाही.

मी खुर्चीत बसून राहिलो. तीन आठवडे मी सगळ्यांवर चिडत होतो, ड्रायव्हरवर, फिनलंडवर, टिंडलांवर. त्या क्षणी चिडायलाही कुणी उरलं नव्हतं. आईला मी शब्द दिला होता, आणि तो माझ्याच्यानं पाळला गेला नाही, एवढंच समोर होतं.

आई मागे उभी होती. रागावली नाही. हळूच म्हणाली, "राहू दे रे. राजीवला तेवढा फोन कर. म्हणावं, दादाला खुर्चीतून उठव. टोपी घालून केव्हाचा बसला असेल, त्याचा पाय दुखेल."

मी उठलो, स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि तो चंदेरी स्टिकर एका फटक्यात कापला. मग मात्र हात थांबले, कारण खरं सांगायचं तर सतरा वर्षं कॉम्प्युटरच्या धंद्यात काढून मी एकही पेटी आतून पाहिली नव्हती. सुप्रभा तोवर सपाता घालूनच कुंपणाकडे धावली होती.

मिस्टर टिंडल आले ते काळ्या सुटात, छातीवर पदकं, कॉलरला कागदाचं लाल पॉपीचं फूल. युद्धात गेलेल्यांसाठी नोव्हेंबरात इथे सगळे लावतात ते. अकरा वाजता गावातल्या स्मारकापाशी दोन मिनिटं शांत उभं राहायचं असतं, तिकडे ते निघाले होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात चिमटा. कोट काढून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकला आणि झाकण उचललं.

टॉर्च मारून आत वाकून पाहिलं. मग विचारलं, "गिरीश, तू तांदूळ इथे ठेवतोस का?"

ग्राफिक्स कार्डावरचा छोटा पंखा झाकणातल्या भोकांच्या बरोबर खाली. त्याच्या पात्यांमध्ये लाल दाणे अडकून कुंकवानं घट्ट बसलेले. पंखा तीन आठवडे नीट फिरलाच नव्हता. टिंडलांनी एकेक दाणा चिमट्यानं काढून बशीत ठेवला. एकोणीस दाणे. खाली चिकटलेली झेंडूची एक पाकळीही निघाली. एवढं होऊन त्यांनी "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर तीनदा म्हटलं असतं.

आई त्या बशीकडे बघत होती. चेहरा पार उतरला. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "मी चांगलं व्हावं म्हणून टाकत होते, आणि माझ्याच हातानं..."

"तुझे चार चारच होते," मी म्हणालो. "दसऱ्याला मूठभर मी टाकल्या. फोटो आहे." तीन आठवड्यांत मी शोधलेली ही पहिली खरी चूक, आणि ती माझी निघाली. पण सांगताना मला विलक्षण हलकं वाटलं.

टिंडलांनी पात्यांवर फुंकर मारली, बोटानं पंखा फिरवला. "आता लाव." दहाला पाच कमी होते. मी बटण दाबलं. पंखा घुरघुरला आणि फिरायला लागला. सुप्रभानं घड्याळाकडे बघून त्यांना म्हटलं, "तुम्हाला लेट होईल, प्लीज निघा आता." ते म्हणाले, "पंधरा मिनिटं बघतो. यंत्र दुरुस्त केलं की पूर्ण फेरी होईपर्यंत थांबायचं असतं." चाळीस वर्षं ते लोकांच्या घरात असेच उभे राहिले असणार.

दहाच्या ठोक्याला पडद्यावर मामा आला. टोपी, धुतलेला सदरा, समोर बघायचं सोडून कॅमेऱ्याच्या वायरकडे बघणारा. राजीवनं त्याची हनुवटी धरून वर केली. आणि मामाला आई दिसली.

"लीला!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की टिंडल दचकले. "नथ घातलीस होय!"

आईनं काचेवर, त्याच्या कपाळाच्या जागी, कुंकवाचं बोट टेकवलं. निरांजन ओवाळलं. मग कुयरीतल्या अक्षता चिमटीत घेतल्या आणि तिचा हात हवेतच थांबला. खाली पेटी झाकणाशिवाय उघडी, पंखा फिरतोय. तिकडे मामा डोकं पुढे करून अक्षतांची वाट बघतोय. आईला टाकताही येईना आणि हात मागेही घेता येईना.

तेव्हा मिस्टर टिंडल पुढे झाले आणि काही न विचारता त्यांनी दोन्ही तळहातांची ओंजळ करून पडद्याखाली धरली. आईनं अक्षता टाकल्या. त्या मामाच्या तोंडावर आपटून टिंडलांच्या ओंजळीत पडल्या. एकही दाणा आत गेला नाही.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. पंखा फिरत राहिला, आणि मामा नथीपासून सुरू करून सांगलीच्या भाजीपर्यंत पोचला. टिंडलांनी ओंजळीतले दाणे बशीत ठेवले, कोट मागितला.

"हे कुठे निघालेत एवढे नटून?" आईनं विचारलं. सुप्रभानं सांगितलं, यांचा थोरला भाऊ युद्धातून परत आला नाही, ही पदकं त्याचीच, स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव आहे, दर वर्षी जातात.

आई मामाला "थांब रे जरा" म्हणाली आणि टिंडलांना खुर्ची दाखवली. "बसा म्हणावं त्यांना. आज भावाकडे जातायत, तसंच कसं सोडायचं?" तिनं त्यांना कुंकू लावलं, ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, तोंडात करंजी घातली. टिंडल ताठ बसून होते. सांगलीहून मामा ओरडून विचारत होता, "हा कोण? हा कोण?"

मी हळूच त्यांना सांगितलं की भाऊ तबकात बहिणीसाठी काहीतरी ठेवतो, तुम्ही नाही ठेवलंत तरी चालेल. त्यांनी खिसे चाचपले. टॉर्च आणि चिमटा निघाला. मग त्यांनी कॉलरचं लाल फूल काढलं आणि निरांजनाशेजारी ठेवलं. "तिथे मला दुसरं देतील," म्हणाले. आणि कपाळावर कुंकू तसंच ठेवून, करंजी चावत, स्मारकाकडे चालत गेले.

दारात उभा राहून मी त्यांना "थँक यू" म्हणालो. इंग्लंडमध्ये दिवसातून पन्नासदा म्हणतो तेच. त्या वेळी मात्र ते एकदा म्हणून पुरेना, दोनदा म्हणालो.

आई मार्चमध्ये परत गेली. ते फूल तिनं नेलं नाही. "इथलं आहे, इथेच राहू दे," म्हणून आमच्या देव्हाऱ्यात ठेवलं. पुढच्या दसऱ्याला आम्ही पूजा मांडली तेव्हा ती सांगलीहून पडद्यावर होती, शेजारी मामा. मी सवयीनं कुयरीकडे हात नेला.

"अक्षता नकोत," आई म्हणाली. "ते टिंडलांचं फूल वाहा. मोठं आहे, भोकातून जात नाही."

मी वाहिलं. शेजारी पाटावर, हळदकुंकू लावलेला, आम्ही मागायच्या आधीच टिंडलांनी आणून दिलेला त्यांचा चिमटाही होता.